डोक्यावरून जाणारा बाजार

चीनच्या हांगझोऊ शहरात मला सगळ्यात आधी थक्क केलं ते कोळंबीने. काचेच्या हौदात ती पोहत होती. हौदाजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातातलं छोटं यंत्र थरथरलं. तिने त्यावर नजर टाकली, जाळी हौदात बुडवली, कोळंबी तोलली, पाण्यासकट पिशवीचं तोंड बांधलं, पिशवी जाड कापडाच्या थैलीत ठेवली आणि थैली भिंतीलगतच्या आकड्याला अडकवली. थैली सरसर वर चढली. छताखाली एक साखळी सतत फिरत होती. तिला लटकून ती थैली भाज्यांच्या मांडणीवरून, दुधाच्या कपाटांवरून, माझ्या डोक्यावरून गेली आणि मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून दिसेनाशी झाली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. मी मान वर करून पाहतच राहिले. भोवतालची माणसं आपापल्या टोपल्या भरत होती. वर कुणी बघतही नव्हतं.

दुकानाचं नाव हेमा. अलीबाबा कंपनीची ही साखळी. होउ यी नावाच्या गृहस्थांनी ती उभी केली आणि तिचं पहिलं दुकान 2016 च्या जानेवारीत शांघायमध्ये उघडलं. दुकानापासून तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला अर्ध्या तासात माल पोचवायचा, हा तिचा वायदा. त्या तीस मिनिटांपैकी दहा दुकानातल्या वेचणीला आणि बांधणीला, वीस रस्त्याला. हा हिशेब लोकांच्या इतका अंगवळणी पडला की घर बघायला जाणारी तरुण जोडपी ते घर हेमाच्या वर्तुळात येतं का, हेही विचारू लागली.

मराठी वाचकाला एवढ्याने नवल वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. दादरच्या फुलवाल्या मावशींच्या टोपलीलाही क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि मिनिटांत कोथिंबीर घरी आणून देणारी झेप्टो 2021 साली मुंबईतच जन्मली. पण आपल्याकडे ती कोथिंबीर येते शटरआडच्या वखारीतून. तिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नाही, त्यामुळे आपली पिशवी कोण भरतं हे आपण कधी पाहिलेलं नसतं. इथे वखार आणि दुकान एकच. ज्या ढिगातून एखादी आजी टोमॅटो चाचपून घेते, त्याच ढिगातून दुकानाची मुलगी कुण्या न दिसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी टोमॅटो वेचते. दोघींची कोपरं एकमेकींना लागतात. मी बराच वेळ त्या मुलीच्या मागे मागे हिंडले. ती फक्त भाजीच्या भागातच फिरायची. मासळी दुसऱ्याची, दूध तिसऱ्याचं. एका घरची यादी यंत्र तुकडे करून चौघांना वाटून देतं आणि चौघांच्या थैल्या मागच्या खोलीत पुन्हा एका पिशवीत येतात. कुणी काय वेचायचं, कुठून कुठे जायचं, कुठली थैली कुठल्या डिलिव्हरीवाल्याला द्यायची आणि त्याने कुठल्या गल्लीने जायचं, हे सगळं त्या यंत्रामागची संगणकप्रणाली ठरवते.

दुधाच्या बाटल्यांपाशी आणखी एक गोष्ट दिसली. बाटलीवर भला मोठा आकडा छापलेला: सोमवारच्या मालावर 1, मंगळवारच्या मालावर 2, असं रविवारपर्यंत. आजचा माल आजच विकायचा, उद्या तो फळीवर दिसता कामा नये. ऐकायला हे सोपं वाटतं. पण उद्या या पेठेत किती बाटल्या खपतील, हे आज रात्रीच कळल्याशिवाय असं दुकान चालूच शकत नाही. दोन बाटल्या जास्त आणल्या तर नासाडी, दोन कमी आणल्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या ॲपवर. हा अंदाज पूर्वी दुकानदाराच्या डोक्यात असायचा: पाऊस येणार, शाळेला सुट्टी, अमक्याकडे लग्न. आता तो यंत्र बांधतं, हजारो घरांच्या मागच्या खरेदीवरून, हवामानावरून, सणावारावरून. बोलून दाखवणारं, चित्रं काढणारं यंत्र सगळ्यांच्या नजरेत भरतं. बाजार मात्र आधी बदलला तो या मुक्या अंदाजाने, आणि माझ्या मते मोठा बदल तोच.

किमतीच्या पाट्याही कागदाच्या नाहीत. प्रत्येक वस्तूखाली लहानसा इलेक्ट्रॉनिक फलक आहे. संध्याकाळ कलली तशी माझ्यादेखत पालेभाज्यांची किंमत उतरली. कुणी येऊन पाटी बदलली नाही, आकडे आपोआप पालटले. शेजारच्या बाईने लगेच दोन जुड्या टोपलीत टाकल्या. ती बहुधा त्याच वेळेची वाट बघत होती.

दुकानातल्या फलकावरचा आकडा निदान सगळ्यांना सारखा दिसतो. फोनवरचा आकडा प्रत्येकाला सारखाच दिसत असेल, याची खात्री इथल्या लोकांना नव्हती. जुन्या गिऱ्हाइकाला जास्त भाव आणि नव्याला सवलत, अशा तक्रारी चीनमध्ये वर्षानुवर्षं होत होत्या: नेहमीचं हॉटेल, नेहमीचं विमान, नेहमीचा किराणा, आणि शेजाऱ्याच्या फोनवर तीच वस्तू स्वस्त. आपल्याकडे नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाणी मूठभर शेंगदाणे वरून घालतो. यंत्राला मात्र उलटं शिकवता येतं, की हा माणूस कुठे जात नाही, याच्याकडून दोन पैसे जास्त निघतील. 1 नोव्हेंबर 2021 पासून तिथे लागू झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशा भेदभावाला स्पष्ट मनाई केली. हा कायदा घडत असताना याच शहरातला एक खटला देशभर गाजत होता. 2017 मध्ये हांगझोऊच्या एका केएफसी उपाहारगृहात चेहरा दाखवून पैसे देण्याची सोय पहिल्यांदा सुरू झाली आणि चेहरा ओळखणारी यंत्रं पाहता पाहता जिकडेतिकडे बसली. इथल्या सफारी पार्कने वार्षिक पास असलेल्यांना बोटाच्या ठशाऐवजी चेहरा द्यायला सांगितलं, तेव्हा कायद्याचे प्राध्यापक ग्वो बिंग 2019 मध्ये न्यायालयात गेले. पुढल्या वर्षी न्यायालयाने त्यांच्या चेहऱ्याची माहिती पुसून टाकायला सांगितलं, नुकसानभरपाईही दिली. रक्कम हजार युआनच्या आसपास. पण एका माणसाने आपला चेहरा परत मागितला आणि तो त्याला मिळाला, ही गोष्ट मला त्या शहरातल्या कुठल्याही यंत्राइतकीच थोर वाटते.

हेमाच्या मागच्या अंगणात गेले. पुढून इतकं नेटकं दिसणारं दुकान मागून अगदीच वेगळं. विजेवर चालणाऱ्या दुचाकींची रांग, हेल्मेट न काढताच नूडल्स खाणारी मुलं, झरोक्यातून येणाऱ्या पिशव्यांवर नजर. पिशवी आली की फोन बोलतो, मुलगा उठतो, अर्धा वाडगा तसाच राहतो. 2020 च्या सप्टेंबरात ‘रेनवू’ या मासिकाने अशा मुलांवर दीर्घ लेख छापला आणि तो कोट्यवधींनी वाचला. त्यात दाखवलं होतं की मुलं जिवावर उदार होऊन वेळ वाचवतात, आणि तो वाचलेला वेळ प्रणाली नवा नियम म्हणून धरते. मग पुढच्या वेळी मिनिटं आणखी कमी. उलट्या दिशेने गाडी घातल्याशिवाय, सिग्नल तोडल्याशिवाय गणित जुळत नाही. लेख गाजल्यावर एका कंपनीने ॲपमध्ये एक बटण आणलं: मी पाच मिनिटं जास्त थांबायला तयार आहे. लोक आणखी चिडले. प्रणाली तुमची, नियम तुमचे, आणि दया दाखवायची ती गिऱ्हाइकाने? मला हा राग रास्त वाटला. पण त्याच लोकांना पिशवी तीस मिनिटांत हवी होती, हेही खरं. 2025 च्या उन्हाळ्यात मेइतुआन, जेडी आणि अलीबाबा या तीन कंपन्यांनी झटपट पोचवण्याच्या धंद्यासाठी एकमेकांशी सवलतींची लढाई मांडली, तेव्हा एकट्या मेइतुआनकडे एका दिवसात पंधरा कोटी मागण्या नोंदल्या गेल्या. एवढ्या पिशव्या छताखालच्या साखळीने घरोघर जात नाहीत.

तिथे उभी असताना या सगळ्या प्रवासाचं सूत्र माझ्या हाती आलं असं मला वाटलं. दुकानातून माणसं गेली असं आपण म्हणतो. ती गेलेली नाहीत, ती भिंतीमागे गेली आहेत.

माणसांना खरोखर वगळून दुकान चालवायचे प्रयत्नही झाले, आणि त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. 2017 मध्ये चीनमध्ये विनामाणूस दुकानांची लाट आली. चौकाचौकांत काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या. फोन दाखवा, दार उघडेल, वस्तू घ्या, पैसे भरा, बाहेर या. अलीबाबानेही याच शहरात असं एक कॅफे मांडून दाखवलं. दोनतीन वर्षांतच त्या खोल्या बहुतेक ठिकाणी कुलूपबंद झाल्या. दुकान म्हणजे फक्त पैसे घेणं नव्हे. फळी पुसायची असते, शिळं उचलायचं असतं, उन्हाळ्यात खोली थंड ठेवायची असते, आणि मुळात आत जावंसं वाटायला हवं. अमेरिकेत ॲमेझॉनने 2018 च्या जानेवारीत सिएटलमध्ये वस्तू उचलून सरळ बाहेर पडायचं दुकान उघडलं. छताला कॅमेरे, फळ्यांना वजनकाटे, गल्ल्यावर कुणीच नाही. पुढे 2024 मध्ये बातमी आली की गिऱ्हाइकांनी काय उचललं हे चित्रफितींवरून तपासणारी सुमारे एक हजार माणसं भारतात बसलेली होती. कंपनीचं म्हणणं असं की ती मंडळी मुख्यत: यंत्राला शिकवण्यासाठी होती आणि तपासणी थोड्याच खरेदींची व्हायची. कसंही असो, सिएटलमध्ये कुणी सँडविच उचललं की त्यावर आपल्याकडच्या कुण्या तरुणाची नजर पडत होती, ही कल्पना माझ्या मनातून जात नाही. ती दुकानंही बंद करत असल्याचं कंपनीने 2026 च्या सुरुवातीला जाहीर केलं.

हांगझोऊच्या बाजाराने परक्या माणसाला चकित करण्याची परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो इथे येऊन गेल्याचं सांगतो. तो या शहराला किन्से म्हणतो. दहा मोठे चौक, आठवड्यातून तीन दिवस प्रत्येक चौकात चाळीस-पन्नास हजार माणसांचा बाजार, असं त्याचं वर्णन. त्याला सगळ्यात अद्भुत वाटला तो कागदाचा पैसा. धातूऐवजी शिक्का मारलेला कागद देऊन माणसं मोती विकत घेतात, हे व्हेनिसच्या व्यापाऱ्याला जादूसारखं वाटलं. त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून, सुंग राजांच्या काळात, या शहरातून कागदी चलन निघत होतं. आता याच शहरात मला कुणाच्या हातात नोट दिसेना. रोख रक्कम नाकारायला सरकारी मनाई आहे, त्यामुळे म्हातारी माणसं नोटा घेऊन येतात आणि त्यांना सुट्टे पैसे द्यावे लागतात. पण दुकानातल्या मुलाला ते शोधायला खण उपसावा लागतो.

हा बदल घडला तो भीतीतून, लोकांच्या खऱ्याखुऱ्या भीतीतून. अलीबाबाची सुरुवात 1999 साली इथल्याच एका साध्या फ्लॅटमध्ये झाली. 2003 मध्ये त्यांनी ताओबाओ हा बाजार उघडला, तेव्हा कुणी कुणावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. पैसे आधी पाठवले आणि माल आला नाही तर? माल आधी पाठवला आणि पैसे आले नाहीत तर? मग अलीपे निघालं: पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायचे, माल हातात पडला आणि पसंत पडला की विकणाऱ्याला मिळायचे. आज जगभर ज्याचा गाजावाजा होतो त्या चिनी डिजिटल बाजाराच्या पायात ही मध्यस्थी आहे. यंत्राची हुशारी पुढची.

ती हुशारी बघायला मी रात्री शहराच्या पूर्वेला गेले. जिउबाओच्या बाजूला कपड्यांची वखार आणि चित्रीकरणाची खोली यांत फरकच उरलेला नाही. सीजीछिंगच्या ठोक बाजारात उजाडायच्या आत गाठोडी सुटतात आणि रात्री तेच कपडे फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. एका लांब मजल्यावर ओळीने काचेच्या खोल्या, प्रत्येकीत दिव्यांचं वर्तुळ, त्यात एक मुलगी. ती झगा अंगाला लावते, वळते, शिवण दाखवते, उंची आणि वजन सांगून माप सुचवते, मग आवाज चढवून तीन, दोन, एक म्हणते आणि खरेदीचा दुवा खुला होतो. पडद्याच्या कडेला प्रश्न धो धो वाहत असतात. आपल्याकडच्या साडीच्या दुकानातला पांढऱ्या गादीवर साड्या उलगडणारा माणूस पाचसहा बायकांशी बोलतो. ही एकाच वेळी हजारोंशी बोलते, आणि प्रत्येकीला वाटतं माझ्याशीच बोलतेय. तासन्तास उभं राहून त्यांचे घसे बसतात. काचेआड एकजण गोळी चघळत पुढच्या झग्याची गुंडी लावत होती.

ओळीच्या टोकाला एका खोलीत अंधार होता. माणूस नाही, झगा नाही, दिवा नाही. टेबलावरच्या पडद्यावर मात्र एक मुलगी हसून बोलत होती, केस मागे सारत होती, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून तिथे तसं लिहिणं बंधनकारक झालंय. ती शेजारच्याच खोलीतल्या मुलीची प्रतिमा होती, तिच्या काही मिनिटांच्या चित्रीकरणावरून घडवलेली. खरी मुलगी मध्यरात्री घरी जाते, ही सकाळपर्यंत विकत राहते. लुओ योंगहाओ हे अशा कॅमेऱ्यासमोरच्या विक्रीतलं गाजलेलं नाव. 15 जून 2025 ला त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या अशा प्रतिमांनी बायडूच्या व्यासपीठावर सहा तासांहून जास्त वेळ विक्री केली आणि साडेपाच कोटी युआनचा धंदा झाला. दोघंही प्रत्यक्षात तिथे नव्हते.

भिंतीमागे गेलेल्या माणसांचं माझं सूत्र त्या अंधाऱ्या खोलीत लंगडं पडलं. तिथे भिंतीमागेही कुणी नव्हतं. एक तंत्रज्ञ होता, तो अशा कितीतरी पडद्यांवर लक्ष ठेवत होता. जिचा चेहरा आहे तिला या रात्रपाळीचे पैसे मिळतात का, असं मी दुभाष्या ॲपमधून त्याला विचारलं. करारात काय लिहिलंय त्यावर, असं उत्तर आलं. मला ते पुरलं नाही. चेहरा परत मागणाऱ्या प्राध्यापकांच्या शहरात हा प्रश्न करारातल्या एका कलमावर सोडून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

गिऱ्हाइकांनीही आपल्या सवयी बदलल्या आहेत, आणि सगळ्याच चांगल्या नाहीत. 2014 पासून तिथे ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसांत कारण न देता परत करता येते. हक्क उत्तम आहे. पण आता बायका एक झगा तीन मापांत मागवतात आणि दोन परत पाठवतात. काहीजणी तो लग्नात मिरवून मग परत करतात. यावर उपाय म्हणून विक्रेते कपड्याला भल्या मोठ्या, पुठ्ठ्याच्या पाट्या लावू लागले. ती पाटी लटकवून कुणी समारंभाला जाणार नाही, आणि ती काढली तर माल परत नाही. वखारीत परत आलेल्या गाठोड्यांची रास पाहिली. ती उलगडणं, वास घेणं, डाग शोधणं, इस्त्री करणं हे सगळं बायकाच करत होत्या, हातांनी.

यंत्र गिऱ्हाइकाच्याही हातात आलंय. 2025 मध्ये एका खेकडेवालीकडे तक्रार आली: पाठवलेले खेकडे मेलेले निघाले, ही बघा चित्रफीत, पैसे परत करा. विकणारीचं घराणं खेकड्यांचंच. तिने फीत बारकाईने पाहिली. एका फितीत नर-माद्यांची संख्या एक, दुसरीत वेगळी. एका खेकड्याला पाय नऊ. फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या होत्या. पोलिसांनी गिऱ्हाइकाला आठ दिवस कोठडी दिली. मला या घटनेत आवडलं ते तिचं खेकड्यांचं ज्ञान. नर कुठला आणि मादी कुठली, हे पोटावरच्या खुणेवरून आपल्या कोळणीही क्षणात सांगतात. खोटेपणा पकडला तो त्या नजरेने.

हांगझोऊहून दक्षिणेला रेल्वेने यिवू तासाभराच्या आत येतं. शहर तसं नावाजलेलं नाही, पण आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू तिथून आलेल्या असतात: केसांच्या पिना, दिव्यांच्या माळा, प्लास्टिकची फुलं, छत्र्या, मोजे. तिथला घाऊक बाजार हा जगातला सगळ्यात मोठा मानला जातो. सुमारे 75000 गाळे. प्रत्येक गाळ्यावर तीनच मिनिटं थांबायचं आणि दिवसाला आठ तास हिंडायचं म्हटलं तरी वर्षभरात बाजार संपत नाही. पहिल्या विभागात खेळणी आणि कृत्रिम फुलं, दुसऱ्यात पिशव्या, छत्र्या, कुलपं, तिसऱ्यात लेखनसाहित्य आणि सौंदर्यप्रसाधनं, चौथ्यात मोजे; पुढे पुढे चालत राहायचं.

या गावची माणसं मूळची फेरीवाली. जमीन नापीक, म्हणून खांद्यावर कावड घेऊन, हातातला छोटा डमरू वाजवत ती गावोगाव जायची. गूळसाखर द्यायची आणि बदल्यात कोंबड्यांची पिसं घ्यायची. पिसांचं खत शेतात जायचं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी आपली बोहारीण मला तिथे पावलोपावली आठवली. 1982 साली शिए गाओहुआ या तिथल्या पक्षसचिवाने वरून हुकूम आलेला नसताना रस्त्यावरच्या बाजाराला परवानगी दिली, आणि पिसं गोळा करणाऱ्यांच्या मुलाबाळांनी हा बाजार उभा केला.

यंत्राचा सर्वांत सुंदर उपयोग मी पाहिला तो इथे. गाळेवाल्या बहुतेक बायका. शाळा अर्धवट, परकी भाषा येत नाही, आजवर सगळा व्यवहार कॅल्क्युलेटरवर चालला: मी आकडा दाबणार, तू दाबणार, मान हलवणार. आता त्या चिनी भाषेत दोन मिनिटं बोलतात, ती फीत बाजाराच्या ‘चायनागुड्स’ या व्यासपीठावर चढवतात आणि त्याच बाईचा चेहरा, तिचाच आवाज, ओठांच्या हालचालीसकट अरबी, स्पॅनिश, रशियन बोलू लागतो. छत्तीस भाषांपर्यंत सोय आहे. इजिप्तचा व्यापारी तिच्या गाळ्यावर येतो तेव्हा तिला आधीच ओळखत असतो. हांगझोऊच्या अंधाऱ्या खोलीत प्रतिमेने मुलीची जागा घेतली होती. इथे प्रतिमा पुढे जाऊन गिऱ्हाईक शोधते आणि बाई स्वतः गाळ्यावर बसून सौदा करते. यंत्र तेच, पण गाळा तिच्या मालकीचा. सगळा फरक मला त्या मालकीत दिसला.

कृत्रिम फुलांच्या ओळीत मराठी कानावर पडलं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ ठोक धंदा करणारे एक गृहस्थ फोनवर घरी बोलत होते. मी थांबले तसे तेही थांबले. “ताई, तुम्ही इकडे कशा?” त्यांनी चहाला बसवलं. वडिलांच्या काळात ते खेळण्यांचे व्यापारी. भारताने आयात शुल्क वाढवलं, 2021 पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं केलं, आणि तो धंदा बसला. आता सजावटीचं सामान. “मालाडच्या इमिटेशन दागिनेवाल्यांचं या बाजारामुळे नुकसान झालं, ते मला दिसतं,” ते म्हणाले. “पण गिऱ्हाइकाला दहा रुपये कमी हवेत, आणि दरवर्षी नवीन डिझाइन हवं. जुनं दाखवलं की तोंड फिरवतात. त्यांच्या फोनवर रोज नवीन येतं ना.”

आम्ही त्यांच्या नेहमीच्या गाळ्यावर गेलो. मखरामागे लावायचा छापील पडदा त्यांना हवा होता. मालकीण पन्नाशीची, चटपटीत. त्यांना बघताच तिने फोन टेबलावर उभा केला. गृहस्थ हिंदीत बोलायचे, फोन चिनीत सांगायचा. ती चिनीत बोलायची, फोन हिंदीत. पूर्वी नवीन नमुना चित्रकाराकडून यायला आठवडे जायचे, हे त्यांनीच मला सांगितलं. आता तिने फोनवर दोन वाक्यं म्हटली आणि चार गणपती पडद्यावर आले, कमळं, झुंबरं, सोनेरी वेलबुट्टी सगळं घेऊन. चित्रं देखणी होती. गृहस्थांनी चष्मा वर केला.

“ही सोंड उजवीकडे आहे. चालणार नाही.”

फोनने सांगितलं. तिने विचारलं, का? दोन्ही बाजू तर सारख्याच सुंदर दिसतात.

मग एक मराठी व्यापारी यिवूच्या गाळ्यात बसून समजावू लागला: उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, देवळात ठीक, पण घरात लोक डावीच सोंड बसवतात, पडद्यावर उजवी दिसली तर लालबागची बाई हात लावायची नाही. फोन अडखळत अडखळत सांगत होता. तिने एका वहीत लिहून घेतलं, हाताने, आणि आणखी विचारलं: उंदीर कुठल्या बाजूला? मोदक किती? जास्वंद लाल की गुलाबी? हे सांगत गेले. दुसऱ्या खेपेला चारही सोंडा डाव्या आल्या. एका चित्रात मात्र हात पाच होते, ते त्यांनी बोटाने दाखवलं आणि तिने ते पुसलं.

नंतर कॅल्क्युलेटर बाहेर आलाच. तिने आकडा दाबला, यांनी मान हलवली, दुसरा दाबला. बराच वेळ चाललं. शेवटी जुळलं ते अशा अटीवर की रंग उतरला तर तो माल ती बदलून देणार आणि कार्टन जूनच्या आत न्हावाशेवाला लागले पाहिजेत, कारण त्यानंतर पाऊस लागतो आणि भिवंडीच्या गोदामात पडदे ओलावतात. पावसाचं कलम तिने दोनदा विचारून घेतलं.